‘पित्ताची गोळी’ : षष्ठीचा संदेह आणि पित्ताम्लांची भरपाई

१

एखादी परिभाषा कोशात शुद्ध आहे एवढ्यावरून ती व्यवहारात निर्दोष ठरत नाही. कोशातील शब्द एकटा असतो. व्यवहारात तो विभक्ती घेतो, दुसऱ्या शब्दाच्या शेजारी बसतो आणि ऐकणाऱ्याच्या मनात पूर्वीपासून नांदत असलेल्या अर्थांशी त्याची गाठ पडते. वैद्यकाच्या परिभाषेत या गोष्टीस विशेष महत्त्व आहे; कारण तेथे शब्दाचा विपरीत अर्थ घेणारा मनुष्य औषध घ्यावयाचे टाकतो, अथवा नको ते औषध घेतो.

अशा एका लहानशा परिभाषेची परीक्षा येथे योजिली आहे. लहान आतड्याच्या अखेरच्या भागास शस्त्रक्रियेत मुकलेल्या रोग्यास अन्नातील स्निग्ध पदार्थ मिळेनासे होतात. अशा रोग्यास पित्तरसातील आम्ले बाहेरून पुरविण्याचा एक उपचार आधुनिक वैद्यकाने योजून पाहिला आहे. या उपचाराचे इंग्रजी नाव तीन-चार शब्दांचे आहे. प्रचलित परिभाषापद्धतीने त्याचे मराठी रूप ‘मेद-अपशोषणावरील पित्ताम्ल-प्रतिस्थापन चिकित्सा’ असे सहज सिद्ध होते. यांतील प्रत्येक घटक संस्कृत व्युत्पत्तीच्या दृष्टीने समर्थनीय आहे. तरीही या नावातील एकही शब्द मराठी श्रोत्यास योग्य अर्थाकडे नेत नाही, आणि त्यांपैकी एक तर त्यास नेमका उलट्या अर्थाकडे नेतो, असे विवेचनाअंती दिसून येईल.

परीक्षेसाठी कोणता श्रोता कल्पावा, हा पहिला प्रश्न. विद्यापीठाच्या वर्गातील श्रोता येथे उपयोगाचा नाही. कोल्हापूरच्या वायव्येस, पन्हाळा तालुक्यातील वाडी रत्नागिरी येथे जोतिबाचे देवस्थान आहे. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेस तेथे महाराष्ट्राच्या अनेक जिल्ह्यांतून आणि सीमेपलीकडील कर्नाटकातून लोक सासनकाठ्या घेऊन येतात. घाटावरचा, कोकणातला, माणदेशातला आणि बेळगावकडचा असे मराठीचे निरनिराळे बोल त्या दिवशी एकाच डोंगरावर ऐकू येतात. या समुदायातील एखाद्या शेतकऱ्याचे आतडे क्षयाच्या विकारामुळे कापून काढावे लागले आहे, अशी कल्पना करावी. ही कल्पना अवास्तव नाही. आपल्या देशात लहान व मोठ्या आतड्यांच्या सांध्याशी होणारा क्षय हे अशा शस्त्रक्रियेचे एक परिचित कारण आहे. या मनुष्यास त्याचा उपचार मराठीत समजावून सांगता येईल काय? परिभाषेची कसोटी ती हीच.

२

शब्दांकडे वळण्यापूर्वी वस्तूचा परिचय करून घेणे अगत्याचे आहे. पित्तरस यकृतात तयार होतो, पित्ताशयात साठतो व जेवणानंतर लहान आतड्यात उतरतो. त्यात अन्नाचे विघटन करणारे विकर नसते. त्याचे मुख्य कार्यकारी द्रव्य म्हणजे पित्ताम्ले. ती यकृतात कोलेस्टेरॉलपासून बनतात आणि ग्लायसीन किंवा टॉरीन यांच्याशी संयोग पावून बाहेर पडतात. त्यांच्या रेणूची एक बाजू पाण्याशी आणि दुसरी स्निग्ध पदार्थाशी सख्य राखणारी असल्यामुळे, स्वादुपिंडाच्या विकराने सुटी केलेली स्निग्धाम्ले ती आपल्या सूक्ष्म पुंजांत सामावून घेतात व आतड्याच्या अस्तरापर्यंत पोहोचवितात. या आम्लांच्या रचनेवरील संशोधनासाठी हाइन्रिख वीलांट या जर्मन रसायनशास्त्रज्ञास १९२७ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. आतड्यातील पुंजांचे कार्य १९६० नंतरच्या दशकात बेंग्ट बोर्गस्ट्रॉम व ॲलन हॉफमन यांच्या अभ्यासाने स्पष्ट झाले.

शरीर या द्रव्याच्या बाबतीत मोठे काटकसरी आहे. प्रौढ मनुष्याच्या शरीरात पित्ताम्लांचा एकूण साठा दोन ते चार ग्रॅमच असतो. तो दिवसातून अनेक वेळा यकृतातून आतड्यात आणि आतड्यातून पुन्हा यकृतात असा फिरतो. प्रत्येक फेरीत सुमारे ९५ टक्के आम्ले लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून परत घेतली जातात. जी थोडी मळावाटे जातात, तेवढीच यकृत नव्याने तयार करते. आता हा शेवटचा भागच कापला गेला, तर परतीची वाट बंद होते. कापलेला भाग शंभर सेंटिमीटरांहून कमी असेल, तर यकृत अधिक उत्पादन करून बरीच तूट भरून काढते. परंतु मोठ्या आतड्यात जाऊन पडलेली पित्ताम्ले तेथे पाणी सुटावयास लावतात व पातळ जुलाब होतात. कापलेला भाग याहून अधिक असेल, तर यकृताचे उत्पादन पुरे पडत नाही. पुंज बनत नाहीत, आणि स्निग्ध पदार्थ न शोषला जाता तसाच बाहेर पडतो. मळ फिकट, तेलकट, दुर्गंधीयुक्त होतो, वजन घटते, अ, ड, ई आणि के ही स्निग्धविद्राव्य जीवनसत्त्वे मिळेनाशी होतात. हॉफमन आणि पोली यांनी १९७२ मध्ये हा भेद स्पष्टपणे मांडला.

या भेदातून परस्परविरुद्ध असे दोन उपचार निघतात. पहिल्या प्रकारात पित्ताम्लांना बांधून ठेवणारे, म्हणजे त्यांचा प्रभाव हरण करणारे, कोलेस्टिरामीनसारखे औषध देतात. दुसऱ्या प्रकारात तेच औषध दिल्यास उरलेली पित्ताम्लेही निकामी होऊन स्निग्ध पदार्थांची हानी वाढते. तेथे युक्ती लढवावी लागते ती पित्ताम्ले पुरविण्याची. बैलाच्या पित्तापासून काढलेली नैसर्गिक पित्ताम्ले अशा रोग्यास देऊन स्निग्ध पदार्थांचे शोषण वाढविल्याचा वृत्तांत १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र नैसर्गिक पित्ताम्लांचे मोठ्या आतड्यातील जंतूंकडून विघटन होते व जुलाब वाढण्याची भीती राहते. म्हणून कोलिक आम्लाचा सार्कोसीनशी संयोग घडवून, जंतूंना न जुमानणारे कोलिलसार्कोसीन हे कृत्रिम द्रव्य तयार करण्यात आले. डॅलस येथील जॉन फोर्डट्रॅन आणि कॅलिफोर्नियातील हॉफमन यांचा सहभाग असलेला, तसेच डेन्मार्कमधील संशोधकांचा, असे दोन अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. या मार्गाने स्निग्ध पदार्थांचे शोषण वाढू शकते, असे त्यांतून दिसले. रुग्णांची संख्या मात्र अगदी अल्प होती, आणि कोलिलसार्कोसीन नित्य वापराचे औषध म्हणून रूढ झाले नाही. अमेरिकेत कोलिक आम्लाला २०१५ मध्ये मान्यता मिळाली ती निराळ्या कारणासाठी. ज्या मुलांचे शरीर जन्मतःच पित्ताम्ले नीट बनवू शकत नाही, त्यांच्यासाठी. सारांश, उपचाराचे तत्त्व पक्के आहे, त्याचा वापर मर्यादित आहे, आणि एकाच रोगाच्या दोन पायऱ्यांवर एकाच द्रव्यासंबंधी दोन उलट आज्ञा द्याव्या लागतात. भाषेची जबाबदारी येथे सुरू होते.

३

‘पित्त’ हा शब्द मराठीत एकच अर्थ वाहत नाही. आयुर्वेदात तो त्रिदोषांपैकी एक. त्याचे पाचक, रंजक, साधक, आलोचक आणि भ्राजक असे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतील आलोचक डोळ्यात आणि भ्राजक त्वचेत राहते. अर्थात यकृतातून स्रवणाऱ्या रसाशी हा शब्द सर्वांशी जुळत नाही. लोकभाषेत त्याचा व्याप आणखी पसरला आहे. ‘पित्त झाले’ म्हणजे छातीत जळजळ, मळमळ किंवा डोकेदुखी. ‘अंगावर पित्त उठले’ म्हणजे खाजणाऱ्या गांधी. ‘पित्त खवळले’ म्हणजे राग. या सर्व प्रयोगांत यकृताच्या रसाचा प्रत्यक्ष संबंध नाही. ‘पित्त पडले’ या एकाच प्रयोगात, ओकारीतून पडणाऱ्या हिरव्या-पिवळ्या कडू पाण्याच्या रूपाने, तो रस क्वचित डोळ्यांना दिसतो.

एकोणिसाव्या शतकात मराठीचे कोश तयार होऊ लागले तेव्हा ‘पित्त’ या शब्दापुढे इंग्रजीतील ‘बाइल’ हा प्रतिशब्द आला. मोल्सवर्थच्या १८३१ च्या आणि १८५७ च्या सुधारलेल्या आवृत्तीनंतर तो सर्वत्र स्थिरावला. त्या काळी यात वावगे काही नव्हते, कारण इंग्रजी शब्दही ग्रीक वैद्यकातील चार रसांच्या कल्पनेचा वारसा सांगत होता, आणि इंग्रज मनुष्यही मळमळीस पित्तप्रकोपच म्हणत असे. पुढे दोन्ही भाषांची वाट वेगळी झाली. इंग्रजीत तो शब्द हळूहळू शारीरशास्त्राच्या ताब्यात गेला व जुना अर्थ मागे पडला. मराठीत शास्त्राने शब्द घेतला, पण लोकांनी तो सोडला नाही. परिणामी शास्त्राचा ‘पित्त’ आणि घराघरांतला ‘पित्त’ हे एकाच रूपाचे दोन शब्द झाले, आणि परिभाषाकारांनी त्यांना एक मानून पुढील समास बांधले.

‘पित्ताम्ल’ हा समास या दृष्टीने तपासावा. पित्तातील आम्ल, असा त्याचा विग्रह. परंतु माधवनिदानाच्या काळापासून ‘अम्लपित्त’ हा रोगवाचक शब्द रूढ आहे, आणि ‘आम्लपित्त’ या रूपाने तो आज वर्तमानपत्रांच्या जाहिरातींपर्यंत पोहोचला आहे. दोन्ही समासांचे घटक तेच. फरक केवळ क्रमाचा. तत्पुरुषात क्रमाने अर्थ बदलतो, हे व्याकरण जाणणाऱ्यास ठाऊक असते. ऐकणारा मात्र घटक ओळखतो आणि परिचित अर्थ जोडतो. ‘तुमच्या शरीरात पित्ताम्ल कमी पडते आहे’ हे वाक्य ऐकून जोतिबाच्या डोंगरावरील आपला श्रोता समाधानच मानील; कारण पित्त आणि आम्ल ही दोन्ही कमी होणे हेच त्याला आजवर इष्ट म्हणून सांगितले गेले आहे.

इंग्रजी शब्द जसाच्या तसा ठेवल्याने ही अडचण टळते, असे कोणी म्हणेल. तसे होत नाही. ‘बाइल ॲसिड’ यांतील ‘ॲसिड’ ऐकताच ‘ॲसिडिटी’ आठवते, आणि ‘ॲसिडिटी’ म्हणजे पुन्हा आम्लपित्तच. परका शब्दही आपल्या भाषेत आला की येथल्या शब्दांच्या संगतीत बसतो.

४

या संदेहाचे मूळ केवळ ‘पित्त’ शब्दात नाही. ते षष्ठीत आहे. पाणिनीने षष्ठीकडे इतर कारकांतून उरलेल्या सर्व संबंधांचे काम सोपविले आहे, आणि मराठीत मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून (१९११) षष्ठीच्या अनेकविध अर्थांची चर्चा होत आली आहे. औषधांच्या नावांत ही विभक्ती कसे काम करते, हे पाहणे उद्बोधक आहे.

‘तापाची गोळी’ ताप घालविते. ‘झोपेची गोळी’ झोप आणते. ‘कॅल्शियमची गोळी’ कॅल्शियम पुरविते. रूप तिन्ही ठिकाणी एकच, संबंध तीन : निवारण, उत्पादन आणि पुरवठा. ‘साखरेची गोळी’ मुलाच्या हाती असेल तर खाऊ. मधुमेही आजोबांच्या हाती असेल तर साखर उतरविणारे औषध. श्रोता हे संबंध कशावरून ठरवितो? प्रत्ययावरून नव्हे, कारण प्रत्यय एकच आहे. ते ठरते नामाच्या लौकिक प्रतिष्ठेवरून. जे नाम व्याधीच्या यादीत बसले आहे, त्याची षष्ठी निवारणाची. जे हवेसे आहे, त्याची उत्पादनाची. जे केवळ द्रव्य म्हणून ओळखले जाते, त्याची पुरवठ्याची. हा नियम कोणी शिकविलेला नाही, पण मराठी बोलणारा त्यात सहसा चुकत नाही.

‘पित्त’ हे नाम व्याधीच्या यादीत घट्ट बसलेले आहे. म्हणून ‘पित्ताची गोळी’ म्हणजे पित्त शमविणारी गोळी, हा अर्थ मराठीत अटळ आहे. चैत्राच्या उन्हात रिकाम्या पोटी डोंगर चढून आलेला यात्रेकरू औषधाच्या दुकानात ती मागतो, तेव्हा दुकानदारासही क्षणभर शंका येत नाही. आता आपल्या शेतकऱ्याच्या हातात पित्ताम्लांची गोळी दिली, तर तो तिला काय म्हणेल? तो तिला ‘पित्ताची गोळी’च म्हणेल. कोलेस्टिरामीन दिले, तर ‘पित्ताच्या जुलाबाचे औषध’ म्हणेल, आणि पुढे संक्षेपाने तेही ‘पित्ताचे औषध’ होईल. जठरातील आम्ल शमविणारे, पित्ताम्ले बांधणारे आणि पित्ताम्ले पुरविणारे अशी तीन औषधे, ज्यांपैकी शेवटची दोन परस्परांच्या अगदी विरुद्ध आहेत, एका नावाखाली येतील. गावी परतल्यावर गोळ्या संपल्या आणि दुकानात जाऊन त्याने ‘पित्ताची गोळी’ मागितली, तर त्याला मिळेल ते औषध पहिलेच असेल. यात रोग्याचा दोष नाही व दुकानदाराचाही नाही. दोघेही भाषेच्या नियमाप्रमाणे वागले.

या विवेचनास पुष्टी देणारे एक उदाहरण रोजच्या व्यवहारातच आहे. गळ्यातील ग्रंथीचा स्राव कमी पडला म्हणजे तो बाहेरून देणे, ही भरपाईच्या उपचारांची जुनी परंपरा. १८९१ मध्ये जॉर्ज मरे याने मेंढीच्या ग्रंथीचा अर्क देऊन तिची सुरुवात केली. आज मराठीत ‘मला थायरॉइड आहे’ असे म्हणतात, म्हणजे ग्रंथीचे नाव व्याधीच्या यादीत गेले. आणि ‘थायरॉइडची गोळी’ ही ‘थायरॉइड घालविणारी’ म्हणून ऐकू येते, वास्तविक ती कमी पडलेला स्राव पुरविते. याउलट ‘इन्शुलिनचे इंजेक्शन’ या प्रयोगात असा घोटाळा होत नाही. कारण इन्शुलिन हे नाव लोकांना द्रव्य म्हणूनच भेटले, व्याधी म्हणून नव्हे. दोन्ही उपचार भरपाईचेच आहेत. एकाचे नाव श्रोत्यास फसविते, दुसऱ्याचे फसवीत नाही, आणि फरक फक्त नामाच्या पूर्वप्रतिष्ठेचा आहे.

५

उरलेल्या घटकांचा विचार थोडक्यात करता येईल. ‘मेद’ या शब्दाने मराठी वाचक अंगावर चढलेली चरबी समजतो. ताटातील तूप वा तेल त्याला कोणी मेद म्हणत नाही. ‘शोषण’ या शब्दाने गेल्या शतकात सावकार आणि गिरणीमालक यांच्या संदर्भात असा जोर धरला की त्याचा शारीरिक अर्थ वर्गाबाहेर टिकला नाही. शिवाय ‘शोष’ म्हणजे कोरड किंवा क्षीण होणे. ‘मेद-अपशोषण’ हा समास ऐकून एखाद्यास चरबी कमी करण्याचा उपाय वाटला, तर नवल नाही.

येथे लोकभाषेने शास्त्रापूर्वीच एक सूक्ष्म भेद करून ठेवला आहे, याकडे परिभाषाकारांचे लक्ष जावयास हवे होते. ‘पचणे’ आणि ‘अंगी लागणे’ या दोन क्रिया मराठीत वेगळ्या आहेत. कोल्हापूरकडील बोलीत ‘खाल्ल्यालं अंगाला लागंना’ असे म्हणतात, तेव्हा बोलणाऱ्याची तक्रार पचनाची नसते. अन्न पोटात गेले, त्रास झाला नाही, तरी शरीराला त्याचा लाभ मिळाला नाही, असे त्याला म्हणावयाचे असते. शारीरशास्त्र ज्यास पचन आणि शोषण म्हणून वेगळे करते, तोच हा भेद. आपल्या शेतकऱ्याच्या बाबतीत तर तो अक्षरशः खरा आहे : स्वादुपिंडाचे विकर आपले काम करते, स्निग्ध पदार्थाचे तुकडे होतात, पण ते अंगी लागत नाहीत. ‘स्निग्ध पदार्थ अंगी न लागणे’ हे वर्णन शास्त्रीय निबंधातही अशोभनीय ठरू नये.

‘प्रतिस्थापन’ हा शब्द तर अर्थदृष्ट्याच चुकतो. त्यातून एक वस्तू काढून तिच्या जागी दुसरी ठेवणे सूचित होते. या उपचारात काहीच काढावयाचे नसते. जे घटले ते भरून द्यावयाचे असते. त्यासाठी ‘भरपाई’ हा रोजचा, जमाखर्चातला, शेतकऱ्याच्या तोंडी असलेला शब्द मराठीत आहे. तूट आणि भरपाई ही जोडी उपचाराचे तत्त्व एका दमात सांगते.

६

यावर एक आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. परिभाषेचे काम शास्त्रज्ञांमधील काटेकोर व्यवहाराचे आहे. रोग्याची समजूत घालणे हे वैद्याचे काम, शब्दाचे नव्हे. लोकांच्या कानासाठी शास्त्राचे शब्द वाकविले तर शास्त्रच सैल होईल. या आक्षेपात तथ्य आहे. ‘पित्ताम्ल’ हा शब्द रसायनाच्या पुस्तकात राहावा, याला कोणाची हरकत असू नये. परंतु काटेकोरपणाच्याच भूमिकेवरून पाहिले, तरी आतड्यातील परिस्थितीत ही आम्ले बहुतांशी क्षारांच्या रूपाने वावरतात. म्हणून ‘पित्तक्षार’ हा शब्द, जो शालेय रसायनातील ‘आम्ल, आम्लारी व क्षार’ या त्रयीशी जुळतो, शास्त्राला सोडून नाही. शिवाय ‘क्षार’ शब्दामुळे आम्लपित्ताची आठवण होत नाही. मूळ द्रवासाठी ‘पित्त’ असे मोघम न म्हणता सर्वत्र ‘पित्तरस’ म्हणावे; ‘रस’ हे उत्तरपद त्या नामास व्याधीच्या यादीतून काढून द्रव्याच्या यादीत बसविते. ‘पित्तक्षारांची भरपाई’ या प्रयोगात षष्ठी आहेच, पण ‘भरपाई’ शब्द संबंध उघड सांगत असल्यामुळे ती संदेह निर्माण करीत नाही. ‘गोळी’ किंवा ‘औषध’ यांच्याशी मात्र नुसती षष्ठी जोडू नये. ‘पित्तक्षार बांधणारे औषध’ आणि ‘पित्तक्षार पुरविणारे औषध’ असे क्रियावाचक विशेषण प्रत्येक वेळी द्यावे. दोन अक्षरे वाढतील. अर्थ उलटणार नाही.

षष्ठीच्या या सैलपणाचे दोन परिणाम याच विषयात आणखी दिसतात. जोतिबावर गुलालाबरोबर खोबरे उधळतात, आणि ते प्रसाद म्हणून घरोघर जाते. स्निग्ध पदार्थ अंगी न लागणाऱ्या रोग्यांना वैद्य कधी कधी मध्यम साखळीच्या स्निग्धाम्लांचे तेल देतात. ते पित्ताम्लांच्या पुंजांवाचूनही शोषले जाऊन थेट यकृताकडे जाते, आणि ते खोबरेलापासून वेगळे काढता येते. ‘खोबऱ्यापासून काढलेले तेल’ या शब्दांचा ‘खोबऱ्याचे तेल’ असा संक्षेप झाला, की रोगी खोबरे वा खोबरेल खाऊ लागणार. खोबरेलात आठ व दहा कार्बनी स्निग्धाम्लांचा वाटा लहान असतो. सर्वांत मोठा भाग बारा कार्बनी लॉरिक आम्लाचा असून तो बऱ्याच अंशी पित्ताम्लांवरच अवलंबून राहतो. येथे ‘चे’ आणि ‘पासून काढलेले’ यांतील अंतर म्हणजे औषध आणि अपथ्य यांतील अंतर होय.

दुसरा परिणाम अधिक नाजूक आहे. नैसर्गिक पित्ताम्ले बैलाच्या पित्तापासून काढलेली असतात. बेंदराला बैलाची शिंगे रंगवून त्याला पुरणपोळी खाऊ घालणाऱ्या शेतकऱ्यास आपण काय घेत आहोत हे कळण्याचा अधिकार आहे. गाईच्या पित्ताशयातील खड्यास ‘गोरोचन’ म्हणून पूजेत आणि वैद्यकात मान देणारी परंपरा त्याला परिचित असेल, आणि कदाचित तो औषध स्वीकारील; कदाचित नाकारील. निर्णय त्याचा आहे. ‘पित्ताम्ल-प्रतिस्थापन’ या संस्कृत पडद्याआड द्रव्याचे मूळ झाकले गेले, तर परिभाषेने केवळ अर्थ दडविला असे होत नाही, संमतीही दडविली असे होते.

७

मराठीतून वैद्यक शिकविण्याचा प्रयत्न नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात मराठी वर्ग चालत आणि त्यांच्यासाठी ग्रंथ लिहिले जात. राज्यस्थापनेनंतर १९६० पासून भाषा संचालनालयाने परिभाषेचे मोठे काम उभे केले. या कामाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु या सर्व परंपरेत शब्द इंग्रजीशी ताडून पाहिला गेला, संस्कृतशी ताडून पाहिला गेला. तो मराठी वाक्यात, मराठी विभक्तीसह, मराठी कानावर कसा पडतो हे ताडून पाहण्याची रीत मात्र पडली नाही. प्रत्येक वैद्यकीय शब्दास ‘-ची गोळी’ हा शेजार देऊन पाहावा आणि निवारण, उत्पादन व पुरवठा यांपैकी कोणता अर्थ श्रोता घेईल हे आधी विचारावे, एवढी साधी कसोटीसुद्धा पुष्कळ अनर्थ टाळील. भाषाशास्त्राच्या विभागांनी हे काम आपले मानले पाहिजे. वैद्यांना त्यासाठी सवड नाही आणि कोशकारांना श्रोता भेटत नाही.

जोतिबाच्या डोंगरावर लक्षावधी कंठांतून उठणाऱ्या ‘चांगभलं’ या घोषात ‘चांग’ आणि ‘भले’ हे जवळजवळ एकाच अर्थाचे दोन शब्द शेजारी बसले आहेत. अर्थ निसटू नये म्हणून शब्दाला सोबत देण्याची ही मराठीची जुनी रीत आहे. ‘कामधंदा’, ‘बाजारहाट’ ही तिचीच रूपे. परिभाषेने तिचा अवलंब करण्यास हरकत नाही. ‘तुमच्या पोटात पित्तरस, म्हणजे यकृतातून येणारा कडू रस, कमी पडतो, म्हणून तूपतेल अंगी लागत नाही, त्या रसातील क्षारांची भरपाई करणारे हे औषध आहे, पित्त घालविणारे नव्हे.’ या वाक्यात शास्त्राला सोडून एक अक्षर नाही, आणि डोंगरावरून उतरणाऱ्या शेतकऱ्यास ते दुसऱ्यांदा सांगावे लागणार नाही.